तीमारदाराचे नाव काय?

आजारी माणसाशी येणाऱ्या संबंधासाठी आपल्या घरांतून दोन शब्द चालत आले आहेत. एक अयादत आणि दुसरा तीमारदारी. अयादत म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणे. उशाशी थोडा वेळ बसायचे, तब्येत विचारायची, दुआ करायची आणि निघताना फळांची पिशवी घरच्यांच्या हातात द्यायची. ही सुन्नत आहे, तिचा सवाब मोठा आहे आणि आपला समाज ती मनापासून पाळतो. तीमारदारी म्हणजे भेटायला आलेली माणसे उठून गेल्यावर जे उरते ते. रात्री कूस बदलून देणे, गोळीची वेळ सांभाळणे, ओले झालेले कपडे बदलणे आणि हे सगळे उद्याही करायचे आहे हे माहीत असणे. अयादतीला वेळेची मर्यादा असते. तीमारदारीला ती नसते.

या दोन शब्दांच्या साहाय्याने आम्ही येथे एका आजाराविषयीच्या लेखनाकडे पाहणार आहोत. आजार पार्किन्सन्सचा, म्हणजे ज्याला आयुर्वेदात कंपवात आणि युनानी हकिमांच्या भाषेत रअशा म्हणतात त्याचा. तीमारदार म्हणजे त्या रुग्णाचा जोडीदार, बहुतेक वेळा पत्नी. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, या आजाराविषयी जे थोर म्हणून वाचले जाते ते बरेचसे अयादतीचे लेखन आहे. ते रुग्णाच्या उशाशी येते, त्याचे धैर्य पाहून भारावते आणि उठून जाते. जी व्यक्ती तिथेच थांबते तिला ते स्तुती देते, पण बोलायला जागा देत नाही. आपले मुस्लिम मराठी साहित्यही या बाबतीत फार वेगळे वागलेले नाही.

हाच आजार का निवडला, तर तो जिवाला लगेच धोका देणारा नाही आणि बरा होणाराही नाही. मेंदूच्या एका लहानशा भागातल्या, डोपामिन हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. हात थरथरतो, अंग ताठरते, हालचाल मंदावते, तोल जातो. दहा, पंधरा, कधी वीस वर्षे माणूस या आजारासोबत जगतो. म्हणजे एका संसाराचा मोठा भाग या आजारातच जातो. नवरा-बायकोचे नाते हळूहळू रुग्ण आणि तीमारदार असे होत जाते, आणि ते नेमके कोणत्या दिवशी बदलले हे दोघांनाही सांगता येत नाही. हृदयविकाराचा झटका ही घटना असते, तिची गोष्ट लिहिता येते. ज्या आजारात रोज कालच्यासारखेच घडते त्याची गोष्ट लिहायला लेखकाचा कस लागतो. म्हणून या आजाराच्या लेखनावरून साहित्याची नजर पारखता येते.

सुरुवात मूळ ग्रंथापासूनच करू. लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली 'ॲन एसे ऑन द शेकिंग पाल्सी' हा छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. पुढे फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी या आजाराला त्यांचे नाव दिले. निबंधात फक्त सहा रुग्णांचे वर्णन आहे. त्यांतले दोघे पार्किन्सन यांना रस्त्यात भेटलेले, तर एकाला त्यांनी केवळ लांबून पाहिलेले. त्यांची निरीक्षणशक्ती विलक्षण होती यात शंका नाही. झुकलेली मान, पुढे धावल्यासारखी चाल, विश्रांतीत असताना होणारी थरथर हे सारे त्यांनी इतके अचूक टिपले आहे की आजही डॉक्टर त्याला मान देतात. पण हा निबंध रस्त्यावरून पाहिलेल्या आजाराचा आहे. त्याला घर नाही.

तरीही एके ठिकाणी घर डोकावते. लांबून पाहिलेल्या त्या रुग्णाचे वर्णन करताना पार्किन्सन सांगतात की, त्याला चालायला सुरुवातच करता येत नसे. त्याचा सेवक समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी आणि त्याला हळूहळू मागेपुढे डोलवून तोल साधून देई. तोल साधला की रुग्ण इशारा करी आणि धावत सुटे. सेवक चटकन बाजूला होऊन त्याच्या पुढे धावे, कारण वीसेक पावलांनंतर तो कोसळणार आणि त्याला झेलायचे आहे, हे त्याला ठाऊक असे. आमच्या मते या निबंधातले सर्वांत जिवंत चित्र हेच आहे. आजार काय आहे हे त्या सेवकाला समजले होते. कधी धरायचे, कधी सोडायचे आणि किती पावलांवर उभे राहायचे हे त्याला पाठ होते. पण त्याला नाव नाही आणि त्याला कोणी काही विचारले असल्याची खूण मजकुरात नाही.

याचा परिणाम शास्त्रावरही झाला. या आजारात बुद्धी आणि इंद्रिये शाबूत राहतात असे पार्किन्सन यांनी मानले. आज आपल्याला माहीत आहे की तसे नेहमी होत नाही. नैराश्य, निद्रेतले विकार, भास आणि अनेकांच्या बाबतीत पुढे स्मृतिभ्रंश हे याच आजाराचे भाग आहेत. काही रुग्ण हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात, स्वप्नातली मारामारी बिछान्यात करतात. हे रस्त्यावरून दिसत नाही. शेजारी झोपलेल्या माणसाला दिसते. म्हणजे या आजाराचा पहिला साक्षीदार अनेकदा जोडीदारच असतो. ज्या लेखनात त्याची साक्ष नाही ते लेखन साहित्य म्हणून अपुरे राहतेच, माहिती म्हणूनही अपुरे राहते.

आता ज्यांच्यामुळे हा आजार जगभरच्या मुसलमानांच्या ओळखीचा झाला त्या मोहम्मद अलींकडे वळू. १९८४ साली न्यूयॉर्कच्या रुग्णालयात त्यांच्या लक्षणांना पार्किन्सन्सचे नाव मिळाले, तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. ३ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे ३२ वर्षे. त्यांतली जवळजवळ ३० वर्षे त्यांच्यासोबत होत्या त्या लॉनी अली. त्या लुईव्हिलच्याच. अलींच्या आईच्या घरासमोर त्यांचे घर होते आणि लहानपणापासून त्या अलींना ओळखत होत्या. त्यांनी व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण घेतले होते. १९ नोव्हेंबर १९८६ रोजी दोघांचा विवाह झाला. तारखा नीट पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. आजाराचे नाव आधी आले, विवाह नंतर झाला. बहुतेक जोडीदारांवर तीमारदारी येऊन पडते. लॉनींनी ती डोळे उघडे ठेवून पत्करली.

इतका वेगळा निर्णय अलींवरच्या ग्रंथांत किती जागा घेतो? थॉमस हॉसर यांचे १९९१ सालचे 'मोहम्मद अली : हिज लाइफ अँड टाइम्स' हे चरित्र अनेकांच्या साक्षींतून विणलेले आहे. त्या गर्दीत लॉनींचाही आवाज आहे, पण अनेकांपैकी एक म्हणून. जोनाथन आयग यांचे 'अली : अ लाइफ' हे २०१७ सालचे जाडजूड चरित्र मेहनतीने लिहिलेले आहे. रिंगणातला एकेक ठोसा त्यात मोजलेला आहे. मात्र लॉनींसोबतची तीन दशके शेवटच्या थोड्या पानांत आटोपतात. चरित्रकाराचा यात दोष आहे असे म्हणता येणार नाही. लढती १९८१ च्या डिसेंबरात संपल्या आणि त्याबरोबर 'गोष्ट'ही संपली, असा चरित्रलेखनाचा रिवाजच आहे. घराच्या आत चाललेली लढत त्या रिवाजात बसत नाही.

अलींचे स्वतःचे पुस्तक 'द सोल ऑफ अ बटरफ्लाय' २००४ साली मुलगी हाना हिच्यासोबत आले. त्यात आणि इतरत्रही अलींनी आपल्या आजाराकडे अल्लाहची आजमाइश म्हणून पाहिले आहे. महान आपण नाही, महान फक्त अल्लाह आहे, याची आठवण म्हणून हा आजार आला असे ते सांगत. हे वाचताना कोणत्याही मुसलमान वाचकाचे मन भरून येते. रुग्णाला आपल्या दुःखाचा असा अर्थ लावण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण समीक्षकाने विचारले पाहिजे की, या आजमाइशीत बसलेले एकच होते का? बोलणे पुटपुटण्यासारखे झाल्यावर ते जगाला समजावून सांगणारी, औषधांच्या वेळा, प्रवास, करार आणि हिशेब सांभाळणारी व्यक्तीही त्याच परीक्षेला बसली होती. तिच्या उत्तरपत्रिकेबद्दल पुस्तक फारसे सांगत नाही.

दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये मशाल हातात घेतलेले, थरथरणारे अली जगाने पाहिले. त्या दृश्यात ते एकटे आहेत आणि म्हणूनच ते दृश्य अजरामर झाले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाला ते पुन्हा आले, तेव्हा त्यांना उभे राहायला आधार लागत होता. ध्वजाला त्यांचा हात लागला तेव्हा लॉनी शेजारी होत्या. हे दुसरे दृश्य फारसे कोणाला आठवत नाही. ते पाहून अनेकांना वाईट वाटले, अशा अवस्थेत त्यांना आणायला नको होते असेही म्हटले गेले. आम्हाला मात्र तेच दृश्य जास्त खरे वाटते. आजारी माणूस एकटा उभा राहिला की लोक भारावतात आणि त्याला धरणारे माणूस चौकटीत आले की अस्वस्थ होतात. या अस्वस्थतेचा शोध घेणे हे साहित्याचे काम आहे.

एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. अलींच्या घरी पैसा होता, मदतीला माणसे होती, पुढे ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात त्यांच्या नावाने पार्किन्सन्सचे केंद्रही उभे राहिले. तेव्हा लॉनींची तीमारदारी सामान्य घरातल्या तीमारदारीशी जशीच्या तशी जोडता येणार नाही. पण इतकी साधने असलेल्या घरातली स्त्रीसुद्धा पानांवर इतकी थोडीच उरत असेल, तर मिरज-मालेगावच्या दोन खोल्यांतल्या बाईची नोंद कोण घेणार, हा प्रश्न उरतोच.

या नोंदीचा एक नमुना अमेरिकन कादंबरीत सापडतो. जोनाथन फ्रँझन यांच्या 'द करेक्शन्स' या २००१ सालच्या कादंबरीत अल्फ्रेड लॅम्बर्ट हा रेल्वेतून निवृत्त झालेला, कडक शिस्तीचा अभियंता पार्किन्सन्सने आणि वाढत्या स्मृतिभ्रंशाने खचत चालला आहे. त्याची बायको ईनिड ही साध्वी नाही. ती कटकट करते, शेजाऱ्यांपासून घरची अवस्था लपवते, नवऱ्याच्या आजाराला त्याचा हट्टीपणा समजते. तीन मुलांनी एका नाताळाला घरी एकत्र यावे एवढाच तिचा ध्यास आहे. सागरी सफरीवर रात्री नवऱ्याला भास होऊ लागतात आणि ती थकून जहाजावरच्या डॉक्टरकडून मन हलके करणाऱ्या गोळ्या घेते. शेवटी अल्फ्रेडला शुश्रूषागृहात ठेवावे लागते. ईनिड तिथे नेमाने जाते, त्याची काळजी घेते आणि तो आयुष्यभर कुठे कुठे चुकला हे त्याला ऐकवतही राहते. तो गेल्यावर पंचाहत्तरीतली ही बाई आपल्या जगण्यात थोडा बदल करण्याचा विचार करते.

ही कादंबरी आपल्या संस्कारांना रुचणारी नाही. तिच्यातला उपहास कधीकधी निर्दय होतो, घाण आणि लाज यांचे तपशील ती टाळत नाही. ईनिडविषयी लेखकाला प्रेम किती आणि चिडवण्याची हौस किती, असाही प्रश्न पडतो. पण एक गोष्ट तिने साधली आहे. ईनिडला राग येतो आणि राग आल्यावरही ती उशाशी असते. सेवा आणि तक्रार या एकाच बाईच्या तोंडी एकाच दिवशी असू शकतात, हे मान्य केल्यामुळे ती पात्र म्हणून जिवंत राहते. लॉनींविषयीचे लेखन आदराने ओथंबलेले आहे, तरी त्यातून लॉनी दिसत नाहीत. ईनिडला आदर मिळत नाही, पण ती दिसते. आदर आणि दर्शन या दोन्ही गोष्टी एकाच लेखनात आणता येतील का, हा आम्हाला पडलेला प्रश्न आहे.

आता आपल्या परंपरेकडे येऊ. आजार आणि सब्र यांचा विषय निघाला की आपल्या ओठांवर पहिले नाव येते ते हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचे. सब्र-ए-अय्यूब हा शब्दप्रयोग उर्दूतून आपल्या बोलींत उतरला आहे. कुरआनात सूरह अंबिया आणि सूरह साद यांत त्यांचा उल्लेख आहे. त्यांच्या पत्नीचे नाव कुरआनात नाही. कसस-उल-अंबियाच्या ग्रंथांनी आणि लोकपरंपरेने तिला रहमा किंवा रहीमा म्हटले. मुफस्सिर सांगतात की, सगळे दूर झाले तेव्हा ती एकटी राहिली, दुसऱ्यांच्या घरी राबली आणि एका रिवायतीप्रमाणे अन्नासाठी तिने आपल्या केसांच्या वेण्यासुद्धा विकल्या. सूरह सादमध्ये हजरत अय्यूबना हातात गवताची जुडी घेऊन शपथ पुरी करण्याची मुभा मिळते. मुफस्सिरांच्या मते ही शपथ पत्नीला मारण्याची होती आणि तिच्या सेवेची कदर म्हणून अल्लाहने ही सवलत दिली. म्हणजे खुद्द अल्लाहच्या दरबारात त्या तीमारदार स्त्रीची नोंद झाली आहे. विसरलो ते आपण. वाज ऐकताना सब्र अय्यूबांचा ऐकू येतो आणि केस विकणाऱ्या बीबीचे नाव श्रोत्यांपैकी थोड्यांनाच सांगता येते.

दुसरे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे, कारण ते पतीचे आहे. हिजरी सन २ मध्ये बद्रच्या लढाईसाठी मुसलमान निघाले, तेव्हा हजरत उस्मान यांची पत्नी आणि पैगंबरांची कन्या हजरत रुकय्या आजारी होत्या. पैगंबरांनी हजरत उस्मान यांना पत्नीच्या तीमारदारीसाठी मदिन्यातच थांबायला सांगितले. लढाईत भाग घेणाऱ्यांइतकाच अज्र आणि गनिमतीतला वाटाही त्यांना दिला. हजरत रुकय्या त्याच दिवसांत वारल्या. इस्लामच्या इतिहासातल्या पहिल्या मोठ्या लढाईइतकेच मोल एका पुरुषाने आजारी बायकोच्या उशाशी बसण्याला दिले गेले. बद्रचे ३१३ आपण मुलांना पाठ करायला लावतो. जो घरी थांबला त्याचा किस्सा किती घरांत सांगितला जातो?

हा प्रश्न आजच्या जगण्याशी जोडलेला आहे. पार्किन्सन्स पुरुषांना अधिक प्रमाणात होतो, पण स्त्रियांनाही होतो. नवरा आजारी पडला की बायको तीमारदार होणार हे गृहीत असते. बायको आजारी पडली की जबाबदारी सुनेकडे, मुलीकडे, कधी माहेराकडे सरकते. नवऱ्याने बायकोची वेणी घालून दिली, तिला भरवले, तर शेजारीपाजारी त्याचे एक तर कौतुक करतात किंवा कीव करतात. दोन्हींचा अर्थ एकच, की हे त्याचे काम नाही. हजरत उस्मान यांचा दाखला असलेल्या समाजात असे का व्हावे? आपल्या कथाकारांनी असा नवरा रंगवला तर तो पाश्चात्त्य आणि परका वाटण्याचे कारण नाही. तो आपल्याच परंपरेतला आहे.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या लेखनात दंगल आली, तलाक आला, दारिद्र्य आले, संशयाने पाहिले जाण्याचे दुःख आले. हे विषय यायलाच हवे होते. पण बाहेरच्या जगाला उत्तर देता देता घरातली आजाऱ्याची खोली आपल्या लेखनात मागे पडली. जिथे ती आली तिथे बहुधा अम्मीच्या किंवा नानीच्या सब्राचे स्मरण म्हणून आली. सब्र हे मोठे मूल्य आहे, त्याविषयी वाद नाही. वाद लेखनातल्या त्याच्या वापराविषयी आहे. 'तिने फार सब्र केला' हे वाक्य लिहिले की लेखक सुटतो. तिने काय काय केले, ते करताना काय शिकली, कशाची भीती वाटली, कोणावर चिडली, हे मग लिहावे लागत नाही.

उलट तपशिलात शिरले तर किती लिहिण्यासारखे आहे ते पाहा. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि भाव उमटेनासे होतात. चाळीस वर्षे ज्या चेहऱ्यावरून घरातले हवामान ओळखले तो चेहरा आता कोरा झाला आहे. तो रुसला आहे की केवळ आजारी आहे, हे बायकोला रोज नव्याने ठरवावे लागते. उंबरठ्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या किंवा ठेक्यात आकडे मोजले तर पाऊल सुटते, हे ती कोणाकडून तरी ऐकते किंवा स्वतः शोधून काढते. लेव्होडोपाची गोळी ठरलेल्या वेळी गेली नाही तर माणूस जागच्या जागी थिजतो. डाळ आणि गोश्त यांतल्या प्रथिनांमुळे या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून जेवण आणि गोळी यांत अंतर ठेवावे लागते. दावतीच्या दिवशी हे अंतर सांभाळणे किती कठीण हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

वुजूसाठी ती लोट्याने पाणी घालते. सजदा सुटतो, नमाज खुर्चीवर येते. जुमा चुकला की त्याच्या डोळ्यांत पाणी येते, चेहरा मात्र हलत नाही. रमजानात आजाऱ्याला रोजाची सवलत आहे, पण आयुष्यभर रोजे धरलेला माणूस ती सहज स्वीकारत नाही. भर दुपारी, स्वतः रोजात असलेली बायको त्याला गोळी आणि पाणी घ्यायला मनवत बसते. या एका प्रसंगात ईमान, प्रेम, राग आणि औषधशास्त्र सगळे एकत्र आले आहे. यापेक्षा मोठा विषय कथाकाराला आणखी कोणता हवा?

आणि जे लिहायला अवघड तेही लिहिले पाहिजे. खोलीच्या कोपऱ्यात अनोळखी मुले बसली आहेत, असे रुग्ण सांगू लागतो. घरातले म्हणतात, आसेब आहे, कोणाची तरी सावली पडली. मग आमिल येतो, तावीज येतो आणि बायकोकडे बोट दाखवले जाते की घरात हिने काहीतरी नापाक केले. वास्तविक असे भास या आजाराचा किंवा त्यावरच्या औषधांचा परिणाम असू शकतात आणि ते डॉक्टरांना सांगितले तर औषधात बदल करता येतो. काही औषधांनी माणसाला पैसे उधळण्याचा, जुगाराचा अनिवार नाद लागू शकतो. इज्जतीपायी बायको हे कोणालाच सांगत नाही. साहित्याने हे सांगितले तर एखाद्या घराला वेळेवर शहाणपण येईल. दुआ आणि डॉक्टर यांत भांडण नाही, हे वाचकाला कथेतून जितके पटेल तितके उपदेशातून पटणार नाही.

आपल्याकडे असे लेखन मुळीच नाही असे नाही. आजार वेगळा असला तरी मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन या संदर्भात पुन्हा वाचावे असे आम्ही सुचवू. हमीद दलवाई यांच्या विचारांबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते राहतील. पण मूत्रपिंडाच्या विकाराने ३ मे १९७७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी गेलेल्या त्या माणसाच्या घराची गोष्ट त्या घरातल्या स्त्रीने स्वतः 'मी' म्हणून सांगितली, हे महत्त्वाचे आहे. त्या पुस्तकात ती कोणाच्या चरित्रातली तळटीप नाही. संसार, कमाई, नवऱ्याची चळवळ आणि त्याचे आजारपण हे तिच्या नजरेतून येते. मतांच्या वादात हे पुस्तक अडकून पडले आणि एका तीमारदार पत्नीची साक्ष म्हणून त्याच्याकडे पाहणे राहून गेले. आपल्या समीक्षेने ही उणीव भरून काढायला हवी.

यापुढे आजारपणावरची कथा, कविता किंवा आत्मकथन हाती आले की आपण काही साधे प्रश्न विचारावेत असे आम्हाला वाटते. सेवा करणाऱ्या व्यक्तीला नाव आहे का? ती एखादे वाक्य स्वतः बोलते का? तिच्या कामाचे तपशील आहेत, की फक्त त्यागाची विशेषणे आहेत? तिला राग येण्याची परवानगी लेखकाने दिली आहे का? सेवा करणारा पुरुष आहे का? आणि शेवटचा प्रश्न, रुग्ण गेल्यावर तिचे काय झाले हे सांगायला लेखक थांबला का? कारण वीस वर्षे एका माणसाच्या गोळ्यांच्या वेळांवर जगलेल्या बाईची इद्दत चार महिने दहा दिवसांत संपते, पण पहाटे चारला जाग येणे थांबत नाही.

अशा बायका आणि असे थोडे पुरुष आपल्या आसपास आहेत. त्यांच्यातले काही हा वार्षिकांकही वाचत असतील. त्यांनी स्वतः लिहावे. भाषा शुद्ध हवी, शैली हवी, मोठा विचार हवा, अशी कोणतीही अट नाही. लिहिता येत नसेल तर बोलावे आणि घरातल्या शिकलेल्या मुलीने ते लिहून घ्यावे. संपादकांनीही त्यांच्याकडे श्रद्धांजलीपर लेख मागू नयेत, एका दिवसाची हकिगत मागावी. फजरपासून इशापर्यंत काय काय केले, एवढी. ती हकिगत छापून आली तर अयादतीला जाणाऱ्यांनाही पुढच्या वेळी तब्येत दोघांची विचारावी लागते हे कळेल.